तुझ्या नावापुढचं नाव

आई, तुझ्या अटकेचा कागद मिळाला. साक्षांकित प्रत आहे, ठाण्याचा गोल शिक्का आहे, खाली साहेबांची सही आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो मी पत्र्याच्या पेटीत ठेवला आहे, तुझ्या हिरव्या लुगड्याच्या घडीवर. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, हात धुऊन ठेवलास का. धुऊन ठेवला. पिशवीचं तोंड दुमडून वर चिकटपट्टीही लावली, मग वाटलं की चिकटपट्टी कागदाला लागली असेल, म्हणून पुन्हा उघडून पाहिली. माझा स्वभाव तसाच आहे. पण कागद आहे, आणि त्यात जे लिहिलं आहे ते सगळ्या गावासमोर वाचून झालं आहे. ते कसं झालं हे तुला सांगायचं आहे.

त्या दिवसातलं मला फार थोडं आठवतं. मी तिसरीत होतो. शाळेतून आलो तर घराला बाहेरून कडी. शेजारच्या आजीनं मला आत घेऊन भाकरी आणि ठेचा दिला आणि म्हणाली, "तुझ्या आईला पोलिसांनी नेलंय. येईल दिवस मावळायच्या आत." बेल्ह्याच्या बाजाराला गेली आहे असं सांगावं, त्या सुरात. संध्याकाळी तू येतेस. चूल पेटवतेस, परात पुढे ओढतेस. तुझ्या लुगड्याला आंबलेल्या गुळाचा उग्र वास येतो आहे. मी नाक दाबतो, तशी तू पीठ मळता मळता हसतेस. "ओढ्यावरची भट्टी फोडली. मडक्यातलं रसायन अंगावर उडालं. आता गप भाकर खा." दुसऱ्या दिवशी ते लुगडं तू कालव्यावर नेऊन धुतलंस, राखेनं घासलंस, पुन्हा धुतलंस. वास गेला नाही. मग ते लुगडं तू रानातच नेसायचीस.

भट्टी फोडताना तुम्हाला भट्टीवाल्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. पण पोलिसांच्या जीपमधून तुम्ही सात जणी आणि जप्त केलेले दारूचे डबे ठाण्यासमोर एकदमच उतरलात, आणि तो बाजाराचा दिवस होता. निम्म्या परिसरानं ते पाहिलं. बायकांच्या अंगाला दारूचा वास आणि बाजूला डबे. आठवड्याभरात शाळेत पोरं म्हणायला लागली की तुझ्या आईला हातभट्टीची विकताना धरलं. मी रडत घरी आलो. तू विचारलंस, "कोन म्हनतं? नाव सांग." मी म्हटलं, सगळे. तू हातातलं खुरपं खाली ठेवलंस आणि मला असं काही दरडावलंस की ते अजून कानात आहे: "सगळे म्हंजे कोनीच न्हाई. नाव पुरं सांगायचं, नायतर तोंड उघडायचं न्हाई."

गंमत अशी की पुरं नाव सांगायला मला शिकवणारी तू स्वतः एक नाव कधीच घेत नव्हतीस. रेशनच्या दुकानात, सरकारी दवाखान्यात, शाळेच्या दाखल्याला, मतदार यादीवाला आला की, सगळीकडे तुला विचारायचे, "नवऱ्याचं नाव?" तू माझ्याकडे बघायचीस. मी पुढे होऊन बाबांचं नाव सांगायचो, आडनावासकट, मास्तरांसमोर कविता म्हणावी तसं. तेवढ्यासाठी तू मला कुठे कुठे बरोबर न्यायचीस. एकदा बेल्ह्याच्या बाजारातून माझ्यासाठी शाईचं पेन आणलंस. म्हणालीस, "नुसतं सांगतोस कशाला, लिवून देत जा. समोरच्यानं चुकायला नको." त्या पेनानं मी पहिल्यांदा तुझं पूर्ण नाव लिहिलं: तुझं नाव, बाबांचं नाव, आपलं आडनाव. ऱ्हस्व-दीर्घ नीट. तुला वाचता येत नव्हतं, तरी तू बराच वेळ ते बघत राहिलीस.

तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो. दहावीचा फॉर्म भरला नाही. जुन्नरला टायपिंग शिकलो आणि तहसील कचेरीसमोरच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात लागलो, तो आजही तिथेच आहे. मालक मला 'व्याकरण' म्हणतात. "व्याकरण, त्या पावण्याचा अर्ज झाला का?" मी म्हणतो, एकदा तपासतो. "तपासला ना मगाशी?" मी म्हणतो, पुन्हा एकदा. अर्ज घेऊन आलेला माणूस ताटकळतो, मालक कपाळाला हात लावतात. पण माझ्या हातचा अर्ज कचेरीतून सहसा परत येत नाही, हे ते मला सोडून सगळ्यांना सांगतात.

आता मूळ गोष्ट. ज्याची भट्टी तुम्ही फोडलीत, त्याच्या मुलानं पुढे देशी दारूच्या दुकानाचा परवाना मिळवला आणि एस.टी.च्या थांब्यालगत दुकान टाकलं. कायदेशीर, फलक लावून. बापानं ओढ्याकाठी लपून जे केलं ते मुलगा ट्यूबलाइटखाली करायला लागला. काही वर्षांनी सरकारचा नियम कळला की गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. हे मनावर घेतलं ते वरच्या आळीतल्या मावशीनं. तीच, जी त्या दिवशी जीपमध्ये तुझ्या शेजारी बसली होती, जिच्या रानात आपण पिढ्यानपिढ्या कामाला गेलो आणि जिच्या ओट्यावर तू त्या दिवसापर्यंत कधी बसली नव्हतीस. मावशी घरोघर हिंडली, मतदानाच्या मागणीसाठी बायकांच्या सह्या-अंगठे गोळा केले आणि प्रत्येक बैठकीत भिंतीला तुझा फोटो टांगायला लागली. म्हणायची, "पयला धोंडा हिनं उचलला व्हता. माझ्या हातात तर नुसती काठी व्हती."

तो फोटो दुकानदाराला खुपला. भर ग्रामसभेत तो उठला आणि म्हणाला, "फोटो कोनाचा लावलाय बगा जरा. हातभट्टीच्या केसमधी आत बसून आलेली बाई ही, अन् हिच्या नावानं दारूबंदी! खोटं वाटत आसंल तर कागद काढा म्हनाव. पोलिसाचा कागद. त्यात काय निगतंय ते बगू." मंडळी हसली. मी मागे उभा होतो. आपल्या वस्तीतल्या दोन बायकांनी मान खाली घातली, ते मी पाहिलं. त्यानंतर सह्या देणाऱ्या बायका हळूहळू मागे सरायला लागल्या. ज्या कामाची सुरुवातच दारू विकणाऱ्या बाईनं केली त्यात आपण कशाला, असं त्यांच्या घरचे म्हणायचे. मावशी एक दिवस जुन्नरला आली, दुकानाच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "पोरा, तू कचेरीसमोर बसतोस. कागद निघतो का रं? न्हाई निघाला तर फोटो उतरवावा लागंल. मग मतदान काय घेऊन बसलास." मी म्हटलं, निघतो. निघतो की नाही हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि आई, निघालाच तर त्यात काय असेल, याची मला जास्त भीती होती.

माहितीच्या अधिकाराचा कायदा तेव्हा नवा होता. मालकांनी छापील नमुना आणला होता. वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, 'जन माहिती अधिकारी' असं लिहून त्याखाली ठाण्याचं नाव, मग कोणती माहिती हवी, कोणत्या काळातली, टपालानं की समक्ष. मी तुझं पूर्ण नाव टाइप केलं. तीनदा तपासलं. गाव, तालुका, जिल्हा, वय अंदाजे, अटकेचं कारण माहीत नाही. मालक म्हणाले, "अर्ज दिला हे मला सांगू नको. पोच घेतली का ते सांग." म्हणून दोन प्रती घेऊन मी आपल्या हद्दीच्या ठाण्यात गेलो. टेबलामागच्या हवालदारांनी अर्ज उलटासुलटा करून पाहिला.

"अटक कोनाची?"

"आईची."

"मग आईला घेऊन ये."

"ती वारली."

"वारली? मग आता सोडवायला आलास व्हय?"

बाकावरचे दोघे-तिघे हसले. भीतीनं मीही हसलो. पण पोच घेतल्याशिवाय हाललो नाही. शिक्का पुसट उठला होता, तो पुन्हा मारून घेतला. हवालदार म्हणाले, "लई बारीक दिसतोस तू."

महिना होत आला तेव्हा उत्तर आलं. एकच ओळ: सदर नावाच्या महिलेस अटक केल्याची नोंद या पोलीस ठाण्याच्या अभिलेखावर आढळून येत नाही. मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. मला वाटलं होतं, कागदात एक तर बरं निघेल नाहीतर वाईट. काहीच नाही निघणार, हे मनात आलंच नव्हतं. तू गेली होतीस, मी वास घेतला होता, जीप अख्ख्या बाजारानं पाहिली होती, आणि कागदावर तू नव्हतीसच. गावात ते कसं पोचलं कोण जाणे. थांब्यावर उतरलो तर दुकानदार दारातच उभा. "काय रं, नोंदच न्हाई म्हनं? मंग तुझी आई ठान्यात पावनी म्हनून गेल्ती का?"

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ मालकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुझी चूक काय झाली सांगू? तू माणूस मागितलास. पोलिसात माणूस मागू नये, वही मागावी. नाव लिहिणारा चुकतो, ऐकणारा चुकतो. महिना चुकत नाही. त्या महिन्याची अटकेची नोंदवही माग, आणि प्रत नको मागू आधी, पाहणी माग. आपल्या डोळ्यानं बघायचा हक्क आहे कायद्यात." मावशीला महिना विचारला. ती लगेच म्हणाली, "कांदा काढायला आला व्हता अन् माझ्या धाकट्याचं नुकतं बारसं झालं व्हतं." धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावरून साल काढलं, कांद्यावरून महिने. दुसरा अर्ज केला. या वेळी तुझं नाव कुठेच लिहिलं नाही. ते मला फार अवघड गेलं.

या अर्जाला उत्तर लवकर आलं. वहीत इतरही व्यक्तींच्या अटकेच्या नोंदी आहेत, ती त्रयस्थ व्यक्तींची माहिती आहे, त्यांच्या संमतीशिवाय दाखवता येणार नाही. मी हे मावशीच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. हो, ओट्यावर, आता मी तिथे बसतो आणि ती चहा देते. मावशीनं विचारलं, "त्रयस्थ म्हंजे?"

"तिसरं माणूस. ज्यांना अटक झाली ते."

"तिसरं कसं? आमीच की."

तीन दिवसांनी ठाण्यासमोर टोमॅटोचा रिकामा टेंपो थांबला आणि त्यातून सहा बायका उतरल्या. सातांपैकी तूच तेवढी नव्हतीस. एक जण मंचरला लेकीकडे राहते, ती आदल्या दिवशी एस.टी.नं आली होती. गुडघे धरत, एकमेकींना आधार देत त्या पायऱ्या चढल्या. मी अर्जांची फाइल छातीशी धरून मागे. मला धाप लागली होती, आणि पायऱ्या तर मोजून चार. साहेब तरुण होते, नवीन बदलून आलेले. मावशीनं नमस्कार केला आणि सांगितलं, "साहेब, आमी त्रयस्थ."

साहेबांना काही कळेना. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला. मावशी उभीच होती. "तवा आत घालताना आमाला विचारलं न्हवतं. आता कागद बाहेर काढायचा तर आमची संमती पायजे म्हनत्यात. घ्या संमती. पाच जनींचा अंगठा हाय, मी सही करते." साहेबांनी तोंडावरून हात फिरवला, हसू लपवत होते हे मला दिसलं. मग बाकं आली, चहा आला, आणि तेच हवालदार मागच्या खोलीतून लाल कापडात बांधलेलं बासन घेऊन आले. बासन टेबलावर टाकलं तशी धूळ उडाली आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आता सोड तुझ्या आईला."

मी पानं उलटली. जुनी पानं फाटू नयेत म्हणून साहेबांनी एक बाजू धरली. आणि एका पानावर, एकाखाली एक, सात बायकांची नावं. गाव आपलं. दुसऱ्या ओळीत तुझं नाव. पुढे नवऱ्याचं नाव होतं ते बाबांचं नव्हतं, आडनाव आपलं नव्हतं. ते वरच्या आळीतलं होतं. माझ्या तोंडात आलं होतं की ही माझी आई नाही. वही मिटावी असं वाटलं. मावशी म्हणाली, "गप का? पयल्यापासून वाच." मी पहिली ओळ वाचली. मावशीचं नाव, आणि त्यापुढे भलताच नवरा.

"थांब," मावशी म्हणाली. "ह्यो माझा न्हाई. ह्यो हिचा." तिनं मंचरवाल्या बाईकडे बोट केलं. मंचरवाली दचकली. मी दुसरी ओळ वाचली, तुझी. मावशीनं पदर तोंडाला लावला. "ह्यो माझा." तिसऱ्या ओळीत, तिसऱ्या बाईच्या नावापुढे, बाबांचं नाव होतं. आपलं आडनाव, अक्षर अन् अक्षर बरोबर.

मग मावशीला आठवलं, आणि ती हसायला लागली ती थांबेना. ठाण्याच्या व्हरांड्यात तुम्हाला ओळीनं बसवलं होतं. तेव्हाचा हवालदार वही घेऊन आला. नाव? मावशीनं सांगितलं. नवऱ्याचं नाव? मावशी गप्प. त्यानं आवाज चढवला तरी गप्प. "आमी कुठं घेतो नाव? मी मुंडी खाली घातली. तुझी आई शेजारी व्हती, तिनं माझ्या मालकाचं नाव सांगितलं, खनखनीत, पार आडनावापतूर. त्या हवालदारानं तिला इचारलं, तुझं नाव काय, आन् मालक लिवला तिच्याच म्होरं. मंग तुझ्या आईच्या मालकाचं ह्या तिसरीनं सांगितलं, ते हिच्या म्होरं. शेवटची राहिली तिच्यासाठी मी बोलले, ते माझ्या रिकाम्या जागंत." जी बोलली तिच्यापुढे लिहिलं गेलं. एकेक नवरा एकेक जागा खाली सरकला होता. मावशीनं डोळे पुसले. "साहेब, पोलिसांनी त्या दिवशी आमची सात जनींची दुसऱ्यांदा लग्नं लावली. आन् जातबीत काय बगितली न्हाई." साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. हवालदार हसले. मीही हसलो, पण माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. तू बाबांचं नाव सांगायला मला सगळीकडे न्यायचीस, आणि त्या दिवशी मी शाळेत होतो.

बाकी सगळं तुझंच होतं. वय बरोबर, उजव्या मनगटावर तीन ठिपक्यांचं गोंदण बरोबर. आणि गुन्हा? दारूबंदी कायद्याचं नावसुद्धा नव्हतं. शेडमध्ये घुसून मडकी फोडली, नुकसान केलं. साहेबांनी त्याच गुन्ह्याची फिर्याद काढून दाखवली. पंचनाम्यात फुटलेली मडकी आणि सांडलेलं गुळमिश्रित रसायन. फिर्यादी म्हणून पूर्ण नाव होतं दुकानदाराच्या वडिलांचं. आपली मडकी फुटली म्हणून त्यांनी स्वतः तक्रार दिली होती, आणि पोलिसांनी पुढे त्यांचेही डबे उचलून तुमच्याच जीपमध्ये घातले होते. एवढंच झालं होतं, आई. एवढंच, आणि त्यावर गावानं तुला इतकी वर्षं काय काय म्हटलं.

साक्षांकित प्रती घेऊन बाहेर आलो, तरी माझा जीव खालीवर. कागदावर तुझ्या नावापुढे दुसऱ्याचा नवरा. दुकानदार त्यावर बोट ठेवणार. मी मावशीला म्हटलं, आधी दुरुस्तीचा अर्ज करू, मग ग्रामसभेत वाचू. मावशी टेंपोत चढता चढता थांबली. "कागद चुकला तर चुकला. आमी सा जनी जित्त्या हाय ना? का आमाला बी तपासून घेनार तू?"

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. मावशीनं बायकांना व्हरांड्यात ओळीनं बसवलं, तशाच, ज्या क्रमानं त्या ठाण्यात बसल्या होत्या. पहिली आणि तिसरी यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी सोडली. मी कागद वाचला. दुसरी ओळ संपते न संपते तोच दुकानदार उठला. "ऐका, ऐका. नवरा कोन, आडनाव कोनाचं. ही ती बाईच न्हाई. कोनाचा तरी कागद आनलाय ह्यानं."

मावशी उभी राहिली. तिनं पदर सारखा केला, आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, सगळ्या गावासमोर, आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. लिंबाखाली तंबाखू मळत बसलेले तिचे यजमान धडपडून उठले आणि म्हणाले, "ओ?" जसं कुणी लांबून हाक मारली आहे. पोरं खिदळली, मग बायका हसल्या, मग पुरुष. मावशी हसली नाही. तिनं बोट माझ्या कागदाकडे केलं. "हे नाव कोनाच्या म्होरं लिवलंय ते वाच." मी वाचलं. तुझ्या नावापुढे. हशा थांबला.

ती बसली, पुढची उठायला हवी होती ती तू. तिथे मोकळी जागा होती. सहा जणी माझ्याकडे बघायला लागल्या. रेशनच्या दुकानात तू बघायचीस ना, नेमकं तसंच. मी कागद मालकांच्या हातात दिला, ते जुन्नरहून मुद्दाम आले होते, आणि व्हरांड्यात चढून तुझ्या जागी उभा राहिलो. बाबांचं नाव घेतलं. आडनावासकट. मागच्या बाजूला भिंतीला टेकून बाबा बसले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मालकांनी वाचलं: हे नाव तिसरीपुढे. मग तिसरी उठली, चौथी उठली. लाजत, अडखळत, एकीनं तर भिंतीकडे तोंड करून, पण सगळ्यांनी नावं घेतली, आणि प्रत्येक नाव कागदावर बरोबर एक घर खाली सापडलं. सातवीचं मावशीपुढे सापडलं आणि फेर पुरा झाला. आता कोणाला काही विचारायचं उरलं नाही.

मग मी फिर्याद वाचली. तू शिकवल्याप्रमाणे नाव पुरं सांगितलं. दुकानदाराच्या वडिलांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, आणि रसायन सांडल्याची त्यांची तक्रार. दुकानदार कागद बघायला पुढे आला. "तवा आमच्या वडलांनी..." एवढं बोलून थांबला. कुणीतरी मागून म्हणालं, "पावनं, कागद तुमीच मागितला व्हता." तो मोटारसायकलकडे गेला. तिला किक लागेना. पहिल्या किकेला नाही, दुसऱ्याही नाही. कुणी हसलं नाही, ते मला आवडलं.

मतदान झालं. बायका ओळीनं आल्या. ज्या मागे सरल्या होत्या त्याही आल्या आणि ज्यांना घरून येऊ देत नव्हते त्या पाण्याच्या निमित्तानं हंडे घेऊन आल्या. शाळेच्या फाटकाबाहेर हंड्यांची रांग लागली होती. आडवी बाटली निवडून आली. दुकानाच्या जागी आता पिठाची गिरणी आहे आणि थांब्यावर उतरलं की गव्हाचा वास येतो. तुझा फोटो महिला मंडळाच्या खोलीत आहे, कायमचा, खिळा मी स्वतः ठोकला. वाकडा लागला म्हणून काढून पुन्हा ठोकला. बाबांना मी कागद दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग सरकारदरबारी माझी बायको कोन?" मी तिसऱ्या ओळीवरचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "नगं रं बाबा. तिच्या हातच्या भाकरी लई जाड." तू गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. पेटीत ठेवीन, कागदाच्या खाली. पण एक सांगायचं राहिलं आहे. निघताना साहेब म्हणाले होते, दुरुस्तीसाठी रीतसर अर्ज द्या, शेऱ्याच्या रकान्यात नोंद घेऊ. तो अर्ज मी त्याच आठवड्यात टाइप केला, तपासला, तिकीट लावलं. अजून दिलेला नाही. कुणाच्या अर्जातली एक वेलांटी चुकली तरी मला जेवण जात नाही, तुला ठाऊक आहे. तरी हे मी तसंच राहू दिलं आहे. त्या पानावरचं तुझं वय हवालदारानं अंदाजानं लिहिलं, गुन्हा फिर्यादीनं सांगितला, गोंदण कुणीतरी बघून उतरवलं. तुझ्या नावापुढचं ते चुकीचं नाव मात्र तू मोठ्यानं उच्चारलं होतंस, म्हणून तिथे आलं. तू बोललेलं कुठे लिहून ठेवलेलं आहे असं माझ्याकडे तेवढंच आहे.